लांबच्या लेन्समधला नाकतोडा

४ जानेवारी, दुकानातून

प्रिय वहिनी,

फोन न करता पत्र आलं म्हणून घाबरू नका. सगळे धडधाकट आहेत. हे बँकेतून येतात आणि पेपरात डोकं घालून बसतात, म्हणजे तब्येत उत्तम आहे. आमचं घर एवढंसं, फोनवर कितीही हळू बोललं तरी पलीकडच्या खोलीत ऐकू जातं, आणि हे काम आमच्या लेकीपासून, त्या नाकतोड्यापासून लपवून करायचं आहे. म्हणून उत्तरही दुकानाच्या पत्त्यावरच पाठवा. घरी पाकीट आलं की आधी तीच फोडते, कुणाचंही असो.

तर झालंय असं की माझ्या पोटच्या पोरीने मला मैदानात यायला बंदी केली आहे. तुम्ही हसाल, हसा. गेल्या वर्षी शाळांच्या स्पर्धेत ती उंच उडीसाठी धावत सुटली आणि माझ्या तोंडून निघून गेलं, "अगं, सांभाळून." निघून गेलं कसलं, ओरडलेच. दिवसभर शिलाई मशिनींच्या खडखडाटावर बोलायची सवय, माझा आवाज लागतो तो लागतोच. ती बिचकली, पाऊल चुकलं आणि आडवी काठी छातीवर घेऊन गादीवर पडली. सगळं मैदान हसलं. घरी येऊन म्हणाली, "आई, यापुढे तू यायचं नाहीस. बाबा आले तर चालतील." बाबा चालतात, कारण बाबा तिथे बसूनही पेपरच वाचतात.

तेव्हापासून तिने किती ठिकाणी उड्या मारल्या, एक बघायला मिळाली असेल तर शपथ. ह्यांना विचारावं, "कशी झाली उडी?" तर म्हणतात, "बरी झाली." संपलं. लग्नाचं स्थळ बघून आले तेव्हाही माझ्याबद्दल एवढंच म्हणाले होते म्हणे. वर्षभर लेकीला हवेत सगळ्या जगाने बघितलंय, फक्त मी नाही. मला याचं फार वाईट वाटतं हो.

फेब्रुवारीत मोठ्या स्टेडियममध्ये निवड चाचणी आहे. पहिल्या तिघींना शिबिराला पाठवणार. मी जाणार आहे. पार दुसऱ्या टोकाला बसेन, तोंडाला कुलूप लावेन, पण बघेन. दुर्बीण आणून पाहिली, तिच्यातलं घरी नेता येत नाही. तुमच्या फोटोंत खेळाडूच्या भुवईवरचा घामसुद्धा दिसतो. तुमची ती पांढरी, लांबलचक लेन्स काही दिवस मिळेल का? जिवापाड जपेन.

तुमची,
बंदीत पडलेली नणंद


११ जानेवारी

प्रिय नणंदबाई,

पत्र वाचून मी हसले आणि तुझ्या भावाला वाचून दाखवलं. तोही हसला, मग म्हणाला, "लहानपणी मी झाडावर चढलो की ही खालून हेच ओरडायची. दोनदा पडलो." तेव्हा रोग जुना आहे.

लेन्स पाठवतेय, सोबत माझा जुना कॅमेरा. दोनशे ते सहाशेची झूम आहे. म्हणजे दोनशेवर अख्खं माणूस दिसतं, आणि पुढची कडी फिरवत सहाशेवर नेलीस की त्याच माणसाचं नाक दिसतं. माझं आयुष्य हिच्यामागे मैदानाच्या कडेला पोटावर पडून गेलं. आता मी नवी घेतलीय, पण जीव हिच्यातच आहे.

कॅमेरा धरून लेन्स कधी उचलू नकोस. वजन लेन्सचं आहे, कॅमेरा तिच्या शेपटीला लटकलेला असतो, जोड निखळेल. डावा तळहात खालून लेन्सच्या पोटाला लाव, तान्ह्या पोराला धरतात तसा. लेन्सखाली पट्टी आहे, तिला एकपायी स्टँड लाव, नाहीतर हात भरून येतील. शटर मी वेगवान करून ठेवलंय, त्याला हात लावू नकोस. बटण दाबून धरलंस की फोटो धडाधड निघत राहतात. बाजूला एक छोटी खटकी आहे, ती "दूर"वर ठेवलीय. त्यामुळे लेन्स जवळच्या माणसांकडे बघतच नाही, लांबचंच शोधते. तुला तेच हवंय.

आणि एक सांगू? मला हे लपूनछपून बघणं पसंत नाही. पोरीला सरळ सांग, मी येतेय म्हणून. पण तू ऐकणार नाहीस हे माहीत असल्यामुळे लेन्स आधीच बांधली आहे.

तुझी वहिनी


२२ जानेवारी, दुकानातून

प्रिय वहिनी,

लेन्स आली. पोस्टमनने विचारलं, "आत बाटल्या आहेत का?" इतकी जड.

तुम्ही लिहिलंत तान्ह्या पोरासारखी धरा, आणि दुकानातल्या पोरींना निमित्तच मिळालं. काज-बटणवालीने तिच्यासाठी झबलं शिवलंय. आत कापसाची घडी, बाहेर निळं सुती कापड, गळ्याला नाडी. मी नको म्हणत होते, पण लेस तीच लावून बसली. आता लेन्स माझ्या कपाटात दुपट्यांच्या गठ्ठ्यात निजते आणि नाकतोडा दुकानात आली की आम्ही सगळ्याजणी एकदम गप्प होतो. ती परवा म्हणाली, "तुम्ही माझ्याबद्दल बोलत होतात ना?"

सराव चालू आहे. पहिल्या दिवशी मी उत्साहाने थेट सहाशेवर गेले आणि समोरच्या न्हाव्याला शोधू लागले. भिंत दिसली, आकाश दिसलं, कुणाचा तरी कान दिसला, न्हावी काही सापडेना. रस्ता ओलांडून बघून आले, तो जागेवरच होता. आता आधी दोनशेवर माणूस पकडते आणि मग हळूहळू जवळ ओढते. हे तुम्ही लिहिलं नव्हतं, माझं मीच शोधलं, तेव्हा शाबासकी द्या.

गल्लीत मात्र गवगवा झालाय. न्हावी आता दर तासाला स्वतःचेच केस विंचरतो. औषधवाल्याने दुकानाची पाटी पुसली. वरच्या मजल्यावरच्या बाई मला जिन्यात गाठून म्हणाल्या, "माझा डाव्या बाजूने बरा येतो." सायकलवाल्यांवर हलत्या माणसाचा सराव करते. शंभरातला एखादा स्पष्ट येतो, बाकी नुसती चाकं.

नाकतोड्याला सांगितलेलं नाही. दोनदा तोंड उघडलं होतं. एकदा ती हसत होती म्हणून सांगितलं नाही आणि एकदा चिडली होती म्हणून.

तुमची नणंद


२९ जानेवारी

प्रिय नणंदबाई,

तुला शाबासकी आणि झबल्याला दंडवत. तुझ्या भावाला त्याचा फोटो हवाय. मात्र वरच्या मजल्यावरच्या बाईंना सरळ तोंडावर नाही म्हण, नाहीतर तिथेच स्टुडिओ उघडावा लागेल.

आता नीट वाच. सूर्य तुझ्या पाठीला येईल अशी जागा धर. कॅमेरा पोरीवर नाही, आडव्या काठीवर रोखून ठेव आणि तिथेच थांब. सहाशेवर अजिबात नाही, काठीच्या दोन्ही बाजूला हवा दिसू दे. उडी मारणारी आपल्या पायांनी तिथे येतेच. तिच्यामागे लेन्स फिरवत बसलीस तर ती हवेत जाईल आणि तुझ्या हाती नुसती गादी लागेल. आम्ही सगळे असंच करतो, मीही कायम असंच करत आले.

ओरडू नकोस, हे सांगायला नकोच. तरी सांगते.

तुझी वहिनी


१६ फेब्रुवारी, दुकानातून

प्रिय वहिनी,

मी सगळं उलटं केलं. आधीच सांगून टाकते.

ह्यांची टोपी घातली आणि चेहऱ्यावर ओढणी घेऊन मागच्या दाराने गेले. दारावरच्या माणसाने ती लेन्स बघितली आणि उठून उभाच राहिला. "मॅडम, पत्रकारांची जागा पुढे आहे," म्हणून मला थेट गादीच्या शेजारी न्यायला निघाला. माझी पाचावर धारण बसली. मी म्हटलं, मला लांबूनच बरं दिसतं. तेवढ्यात एक खरा फोटोवाला आला आणि विचारतो, "कुठल्या पेपरकडून?" माझ्या तोंडून निघालं, "शिलाईच्या." त्याने मान डोलावली. असेल बाबा असाही एखादा पेपर, असं त्याला वाटलं असणार. झबल्याकडे मात्र बराच वेळ बघत होता.

पार वरच्या पायऱ्यांवर जाऊन बसले. काठीवर फोकस धरला, तुम्ही सांगितलंत तसा. सगळं शहाण्यासारखं चाललं होतं. मग तिचा नंबर पुकारला आणि मी म्हटलं, एकदाच बघते, कशी दिसतेय ती. लेन्स वळवली, सहाशेवर नेली, आणि वहिनी, तिचं तोंड इतकं जवळ आलं. कपाळावर चिकटलेली बट, खालचा ओठ दातांत धरलेला, लहानपणी इंजेक्शनच्या आधी धरायची तसा. मला तिथून हलताच येईना. बटण दाबून धरलं. ती धावली, मी तिच्या तोंडाबरोबर लेन्स फिरवली, मग ती वर गेली आणि मला आकाश दिसलं. परत लेन्स खाली करून शोधेपर्यंत ती गादीवरून उठून चालायला लागली होती. दरवेळी असंच झालं. शेकड्यांनी फोटो आहेत, सगळे तोंडाचे, उडी एकही नाही. काठी पडली की राहिली हेसुद्धा मला कळलं नाही.

ते घरी ह्यांच्याकडून कळलं. चौथी आली. शेवटच्या उंचीवर तिन्ही वेळा काठी पडली. "जरा लागली," असं हे म्हणाले. आता मार्चमध्ये आणखी एक चाचणी आहे, शिबिरातल्या एका उरलेल्या जागेसाठी. ती गेली की या वर्षीचं संपलं.

नाकतोडा दोन दिवस कुणाशी बोलत नाही. जेवते, उठते, दार लावून घेते. मी काय म्हणू? मला तर ह्यांनी सांगितलं तेवढंच माहीत असायला हवं. काय गं झालं, असंही विचारता येत नाही, कारण ती सांगायला लागली की माझ्या चेहऱ्यावरून तिला कळेल की मी तिथे होते. एवढी लांब बसून एवढं जवळून बघितलं, आणि आता शेजारच्या खोलीत असून मला तिच्यापर्यंत जाता येत नाही. फार रडायला आलं.

फोटोंचं कार्ड पाठवतेय. शिव्या घाला, पण बघा.

तुमची नणंद


२४ फेब्रुवारी

प्रिय नणंदबाई,

शिव्या घातल्या, तुझ्या भावाला साक्षीला बसवून. काठी कुठाय, पाय कुठायत, ही काय पासपोर्टचे फोटो काढायला गेली होती का, असं म्हणत निम्मं कार्ड पाहिलं. मग तुझा भाऊ म्हणाला, "ही प्रत्येक वेळी तिकडे काय बघते?"

मग मी परत पहिल्यापासून पाहिलं. प्रत्येक उडीच्या आधी ती हात पुसते, ओठ दातांत धरते आणि धावायच्या अगदी आधी तिची नजर डावीकडे वर जाते. काठीकडे नाही. कुठल्या तरी पायऱ्यांकडे. क्षणभरच, पण दरवेळी. त्यानंतर ती धावते तेव्हा चेहऱ्यावरचं लक्ष उडालेलं स्पष्ट दिसतं. शेवटच्या तीन उड्यांत तर ती दरवेळी तिकडे दोनदा बघते.

हे मला कधीच दिसलं नसतं. मी काठीवर नजर लावून बसले असते, मला छान उडी मिळाली असती आणि पोरीचं काय चुकतंय ते मैदानातच राहिलं असतं. तेव्हा तुझं काम बिघडलं ते बरं झालं, हे मी तुला एकदाच सांगते, पुन्हा म्हणणार नाही.

ते स्टेडियम मला पाठ आहे. त्या बाजूला, फाटकाजवळच्या पायऱ्यांवर काय असतं? मला अंदाज आहे, पण मला विचारू नकोस, तिला विचार. तिच्या सरांना हे कळलं पाहिजे, त्याआधी तिला कळलं पाहिजे, आणि ते तुझ्याच तोंडून. फोटोंच्या प्रती काढून पाठवतेय. तिच्यापुढे ठेव. चिडली तर चिडू दे. तुझ्यावर नाही तर कुणावर चिडणार ती?

तुझी वहिनी


३ मार्च

मामी,

तू पण यात सामील आहेस, हे आधी लिहून ठेवते. हत्यार तू पुरवलंस.

आईने काय केलं माहितेय? मी दुकानात गेले तर फोटोंचा गठ्ठा माझ्या हातात ठेवला, "हे मी काढलेत," म्हणाली आणि जाऊन मशीनवर बसली. खडखड शिवायला लागली. मशीनमध्ये कापडच नव्हतं. काज-बटणवाली मावशी तिला खुणा करत होती, तरी ही शिवतेच आहे.

मी भयंकर चिडले. माझं इतकं जवळून तोंड, आणि मला पत्ता नाही. मी म्हटलं, "तू मला फसवलंस." ती म्हणाली, "हो." एवढंच. मग मला पुढे भांडताच येईना. भांडायला तरी समोरच्याने काही बोलावं लागतं.

मग मी फोटो बघितले. गठ्ठ्यात तुझं पत्रही होतं. तू लिहिलंस ते खरं आहे. मी तिकडे बघते. मला माहीतच नव्हतं गं. फाटकाजवळच्या पायऱ्यांवर आई बसायची, आधी, दरवेळी. पिशवी मांडीवर घेऊन. मी तिला नको म्हटलं आणि नंतर रोज तिथे बघत राहिले, आलीय का. आली असेल तर ओरडेल म्हणून भीती वाटायची. आणि नसली की, मामी, आणखी वाईट वाटायचं. आता हे कुणाला सांगणार? मीच नको म्हटलेलं. सरांना दाखवलं तर ते डोक्याला हात लावून म्हणाले, "मी वर्षभर हिचे पाय बघतोय."

चाचणी वीस तारखेला आहे. आईला ये म्हटलंय. अटी घातल्यात. लांब बसायचं नाही, कठड्याला लागून बसायचं, म्हणजे मला शोधावं लागणार नाही. ओरडायचं असेल तर मी गादीवर पडल्यावर ओरडायचं. टोपी घालायची नाही.

आणि मामी, त्या झबल्याची लेस काढायला सांग तिला. माझं ती ऐकत नाही.

तुझा नाकतोडा


२२ मार्च, दुकानातून

प्रिय वहिनी,

सोबतचा फोटो ह्यांनी काढलाय. दचकलात ना? मीही दचकले. कठड्याजवळून तुमच्या लेन्सला काही दिसेना. नाकतोड्याचा गुडघा तेवढा सापडत होता, तोही धूसर. मग मी ती ह्यांच्या गळ्यात घातली, पेपर काढून घेतला आणि त्यांना पार समोरच्या टोकाला पाठवलं. ह्यांचं एक बरं आहे, सांगितलं तेवढं करतात. तुमचं पत्र खिशात घेऊन गेले, काठीवर फोकस धरला आणि तासभर तिथून हलले नाहीत. त्यामुळे उडी आलीय बघा, अख्खी, पायाच्या अंगठ्यापर्यंत. फोटो जरा कललाय, कारण हे कललेलेच उभे राहतात. मागे तोंडावर दोन्ही हात दाबून उभी आहे ती मी. फोटोत मी तिच्या पाठीला चिकटलेली दिसते, पण आमच्यात चांगलं अंतर होतं. ती तुमच्या लेन्सची करामत.

आता सगळं सांगते. ती धावायच्या आधी माझ्याकडे एकदा बघायची. मी मान हलवायची. मग ती काठीकडे वळायची आणि परत बघायची नाही. सुरुवातीच्या उंच्या तिने सहज मारल्या. शेवटी ती आणि आणखी एक मुलगी अशा दोघीच उरल्या. काठी वर चढवली. ती मुलगी तिन्ही वेळा पाडून बसली. आमची पहिली पडली. दुसरीही पडली. मी ओरडले नाही, वहिनी. जीभ चावली, पण ओरडले नाही.

दुसऱ्या वेळी पडल्यावर ती सरांकडे गेली नाही, सरळ माझ्याकडे आली. डोळे भरलेले. कठड्यावर कपाळ टेकलं आणि म्हणाली, "आई, होत नाहीये."  मग माझं लक्ष तिच्या खांद्याकडे गेलं. बनियनची मागची शिवण खांद्यापाशी उसवली होती. फटीत बोट जाईल एवढी, आणि मागचा नंबराचा कागद त्यातून लोंबत होता. ती काठी त्यालाच लागत होती की नाही, देव जाणे. सर म्हणाले, नाही लागत. पण मला काहीतरी करायला मिळालं.

सुई माझ्या ओढणीला कायम टोचलेली असते. म्हटलं, पाठ कर. ती कठड्याला पाठ लावून उभी राहिली आणि मी अलीकडून टाके घालायला लागले. डोळे मिटून सुईत दोरा ओवणारी मी, पण तिसऱ्या खेपेला ओवला गेला. तिची पाठ गरम, घामाने भिजलेली, श्वासाबरोबर वरखाली होत होती. "आई, घाई कर, पुकारतील," म्हणाली. मी म्हटलं, "पुकारू देत. उसवलेली पोरगी मी पाठवत नाही." तर ती हसली. पाठ हसताना कळते हो हाताला. दोरा दातांनी तोडला, पाठीवर थाप मारली आणि ती गेली.

त्या पायऱ्यांवरून तुमच्या लेन्समधून मला ही उसवण याहून स्पष्ट दिसली असती. नुसती बघत बसले असते.

या वेळी तिने माझ्याकडे बघितलंसुद्धा नाही. गोल धावत गेली, काठीला पाठ केली आणि उलटी वर उठली. त्यांची उडी तशीच असते, पाठीवरून, तुम्हाला माहीतच आहे. मी आजवर तोंडच बघत आले होते, पाठ अशी हवेत जाताना कधी पाहिलीच नव्हती. काठीवरून आधी माझे टाके गेले, मग सगळी पोरगी.

काठी जागची हलली नाही.

तुमची नणंद